साळवेकाकांची टाच

साळवेकाका आमच्या दुकानात कायम चवड्यांवर उभे राहत. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, हा एवढा उंच माणूस काउंटरवरून मान लांब करून आत काय शोधतोय? मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "बघत नाय ताई, टाच टेकवत नाय." आणि स्वतःच हसले. चपला त्यांनी दुकानाच्या पायरीखाली काढून ठेवल्या होत्या. औषधाच्या दुकानात कोण चपला काढून येतं? तसं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी विसरले आहे.

औरंगपुऱ्यातलं हे दुकान माझ्या सासऱ्यांनी थाटलं, आता मी चालवते. माझी फार्मसीची पदवी भिंतीवर चौकटीत लावलेली आहे. त्या पदवीनं मला एक शिकवलं आणि काउंटरनं दुसरंच. या दोन शिकवणींमध्ये जी माणसं सापडतात, त्यांतले साळवेकाका एक. ते वेरूळला गाईड होते. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून दर मंगळवारी बस पकडून शहरात यायचे. पांढरा शर्ट, परीटघडीची पँट, आणि सुट्टीच्या दिवशीही खिशाला लावलेलं ओळखपत्र. मराठी, हिंदी, दखनी, इंग्रजी आणि पाहुण्यांची पाच मिनिटं करमणूक होईल एवढं जपानी, असं सगळं त्यांना येत होतं. दुखणं मात्र ते मराठीतच सांगत.

"सकाळी उठून पह्यलं पाऊल टाकलं की कुनी टाचेत खिळा ठोकू राह्यलंय असं व्हतं," ते म्हणाले. "दहा-वीस पावलं चाललं की खिळा ढिला पडतो. दुपारी जरा बसून उठलं, की पुन्हा ठोकनारा हजर."

इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. तळपायाखालून एक जाड पट्टा टाचेच्या हाडापर्यंत जातो, त्याला सूज आली की असंच होतं. मी त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तासाभरात चिठ्ठी घेऊन परत आले. ती चिठ्ठी मला आजही पाठ आहे. सूज उतरवणारी गोळी, जेवणानंतर, पाच दिवस. तिच्यासोबत पोटाची एक. रात्री चोळायला मलम. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायचा व्यायाम, आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. सगळ्यात खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: मऊ तळाची चप्पल, घरातसुद्धा, अनवाणी अजिबात चालायचं नाही. डॉक्टरांनी तोंडीही सांगितलं होतं, की खरं औषध चप्पल आहे, गोळी नुसती सोबतीला.

काकांनी चिठ्ठी उलटी पाळली. चप्पल पाच दिवस पाळली आणि गोळी नऊ वर्षं.

याचं कारण मला कळलं ते पुढच्या हिवाळ्यात. माझी बहीण, तिचा नवरा आणि मुली पुण्याहून आले होते. त्यांना घेऊन वेरूळला गेले, तर तिकीटखिडकीपाशी काका. आमचं लटांबर त्यांनी ताब्यात घेतलं आणि पहिल्याच लेण्याच्या तोंडाशी चपला काढून पिशवीत घातल्या. त्या मग बाहेर पडेपर्यंत पिशवीतच. खडबडीत दगड, उन्हानं तापलेली अंगणं, खडी टाकलेली वाट, सगळीकडं अनवाणी. मेव्हण्यांना चारची गाडी गाठायची होती. ते म्हणाले, मुख्य मुख्य तेवढं दाखवा. काका थांबले. "चौतीस लेन्या, दोन घंटे, अन् वर जेवन!" ते म्हणाले. "साहेब, हा डोंगर फोडता फोडता पिढ्या गेल्या. दगडाला घाई नसती. तुम्ही असं करा, एकच बघा, पन बघा." आणि खरोखर त्यांनी मेव्हण्यांना दहाव्या लेण्यात अर्धा तास बसवून ठेवलं.

त्या लेण्यात बसलेली बुद्धमूर्ती आहे, आणि वर दगडात कोरलेल्या, लाकडाच्या असाव्यात तशा कमानी. काका कुणाला काही सांगायच्या आधी एक मिनिट गप्प उभं राहायला लावत. "आधी डोळ्यांनी ऐका," म्हणत. मग एकच स्वर लावत. तो स्वर छतावरून फिरून आपल्या पाठीमागून परत येई. माझ्या भाच्या, ज्या घरातून निघाल्यापासून मोबाइलमधून वर आल्या नव्हत्या, त्या तोंड उघडं टाकून छताकडं बघत राहिल्या. त्या मिनिटात काका दोन्ही टाचा जमिनीला टेकवून सरळ उभे होते. दिवसभरात मी त्यांना तसं उभं राहिलेलं फक्त तिथंच पाहिलं.

बाहेर आल्यावर मी चिडूनच विचारलं, "डॉक्टरांनी काय सांगितलंय? इथंच मरमर अनवाणी फिरायचं आणि मंगळवारी माझ्याकडं गोळ्या मागायला यायचं?"

"ताई, माझ्या आज्याला गावातल्या देवळाच्या पायरीवरून हाकललं व्हतं," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, लेण्याची माहिती सांगावी तसा सूर होता. "इथं तो माती काढायच्या कामाला आला. हितं त्याला कुनी हाकललं नाय. संध्याकाळी घरी येऊन आजीला म्हनला, आपला बाप सापडला, डोंगराच्या पोटात बसलाय. आता बापाच्या घरात मी चपला घालून शिरू का?"

"मग कैलासात तरी घाला. ते तर महादेवाचं आहे."

"तिथंबी नाय. देव कुनाचा का असंना, फोडनाऱ्याचे हात सोललेलेच व्हते ना."

चपला काही मी त्यांच्या पायात घालू शकले नाही. पण माझ्याकडं गोळी होती.

आता ती गोळी कशी दिली जाते ते सांगते, कारण आमच्याकडं सगळ्या दुकानांत ती तशीच दिली जाते. चिठ्ठी एकदाच दाखवायची. पुढच्या वेळी माणूस संपलेल्या पाकिटाचा कापलेला तुकडा आणतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "हेच द्या." आम्ही देतो. सासरे सांगायचे, "गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पायरी उतरता कामा नये." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला तसंच परत धाडणं त्यांना जिवावर यायचं. मलाही यायचं. शिवाय मी नाही म्हटलं असतं, तर काका चार दुकानं सोडून पाचव्यात गेले असते, हे मी स्वतःला दर मंगळवारी सांगत असे. माणूस स्वतःला एखादी गोष्ट दर आठवड्याला सांगायला लागला, की ती पूर्ण खरी नसते.

रागवायची मात्र मी. "काका, ही गोळी रोज खायची नसते. पोट जाळते. बीपी वाढवते. मूत्रपिंडावर ताण येतो." ते मान डोलवत. मी बोलता बोलता खालच्या खणातून पाकीट काढत असे. आम्हा दोघांनाही माहीत होतं, की बोलणं एकीकडं आणि हात एकीकडं. "तुमचं रागवनंबी औषधच हाय," ते म्हणत. "निम्मी तकलीफ इथंच उतरती."

दुसरं काही करून पाहिलं नाही असं नाही. साधी तापाची गोळी देऊन पाहिली, तिनं त्यांच्या टाचेच्या दुखण्याचं काही वाकडं झालं नाही. मलमानं घटकाभर गार वाटे. बाटलीचा प्रयोग त्यांनी इमानानं केला, पण सकाळी बाटली फिरवायची आणि दिवसभर दगडावर टाचा आपटायच्या, म्हणजे एका हातानं बांधून दुसऱ्यानं पाडायचं. मी टाचेखाली घालायच्या मऊ गाद्या आणून दिल्या. चप्पल नको ना, मग मोज्यात घाला, म्हटलं. त्यांनी घातल्या, आणि तिसऱ्याच दिवशी कैलासाच्या गुळगुळीत पायरीवर मोज्यासकट घसरून पडले. पुढच्या मंगळवारी गाद्या धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून मला परत आणून दिल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी टाचेत इंजेक्शन दिलं. ते देताना काका ओरडले होते, असं त्यांनीच सांगितलं, पण पुढं दोन महिने गडी खूश. दुसरं दिलं, ते महिनाभर पुरलं. तिसऱ्याला डॉक्टर नाही म्हणाले. जास्त दिली तर तो पट्टाच तुटेल, म्हणाले. काकांना त्याचं भारी कौतुक वाटलं. "डॉक्टर खरा हाय," ते मला म्हणाले. "नाय म्हनायचं तिथं नाय म्हनतो." आणि खिशातून पाकिटाचा तुकडा काढून माझ्यापुढं ठेवला.

मी दिलं.

आता माझ्या हातून जे झालं ते. दिवाळीच्या आधीचा मंगळवार होता. दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काकांची पिवळी गोळी संपली होती. मी त्याच औषधाची, दुसऱ्या कंपनीची, गुलाबी गोळी काढून त्यांच्या पुढ्यात टाकली. औषध तेच, ताकद तीच. आम्ही हे दिवसातून पन्नासदा करतो. हे सांगायला एक वाक्य लागतं. त्या गर्दीत मी ते एक वाक्य बोलले नाही.

काकांनी गुलाबी गोळी खाल्ली, त्यांना गुण आला. पुढच्या मंगळवारी पिवळी आली होती, ती मी दिली. तिचाही गुण होताच. मग त्यांनी त्यांच्या परीनं सरळ हिशेब मांडला: ही दोन वेगळी औषधं आहेत, दोन्ही लागू पडतात, तर दोन्ही खाल्ली तर? पिवळी ते माझ्याकडून घेऊ लागले आणि गुलाबी खुलताबादच्या एका दुकानातून, पाकिटाचा तुकडा दाखवून. तिथल्या माणसाला पिवळीची खबर नाही, मला गुलाबीची नाही. दोन वर्षं त्यांनी एकच औषध दुप्पट खाल्लं. त्या दोन वर्षांत मी मात्र आनंदात होते, की काकांची टाच आता आटोक्यात आहे. त्यांचं काउंटरपाशी चवड्यांवर उभं राहणंही कमी झालं होतं.

एका मंगळवारी आले ते चपला न काढता. मला नवल वाटलं. म्हणाले, "काढल्या तर पुन्हा घालता येत नाय. पाय मावत नाय." आणि मग एकदम हरखून, "पन ताई, इलाज झाला बघा! टाचेला आपोआप गादी आलीय. खाली टेकवली तरी लागत नाय."

मी काउंटरच्या बाहेर आले. त्यांना बाकावर बसवलं आणि घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला, आणि तो तसाच राहिला. त्यांचा चेहराही सुजलेला होता. दर आठवड्याला पाहत असून मला तो दिसला नव्हता. मी विचारलं, "काका, काय काय खाताय? सगळं काढा." त्यांनी शर्टाच्या खिशातून दोन पाकिटं काढून माझ्या तळहातावर ठेवली. एक पिवळं, एक गुलाबी. मी दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचली. खरं तर वाचायची गरज नव्हती.

"ही दोन्ही एकच आहेत," मी म्हटलं. "काका, हे एकच औषध आहे."

त्यांनी दोन्ही पाकिटं माझ्या हातातून घेऊन शेजारी शेजारी धरली. "म्हंजे मी एकच दोनदा खात व्हतो?"

"हो."

"तरीच लई गुण यायचा," ते म्हणाले.

मी त्याच दिवशी त्यांचं रक्त तपासायला लावलं. संध्याकाळी रिपोर्ट माझ्याच मोबाइलवर आला, तो त्यांच्या आधी मी वाचला. मूत्रपिंडाचा आकडा वाचून मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा मिलिंद त्यांना किडनीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला, मीही गेले. मिलिंद वेरूळ ते शहर काळीपिवळी जीप चालवतो, बापाच्या उलट कमी बोलतो. डॉक्टर तरुण होते आणि चिडले होते, आणि त्यांचं चिडणं योग्यच होतं. "ही गोळी इतकी वर्षं? रोज? कुणी दिली तुम्हाला?" त्यांनी टेबलावर पेन आपटलं. "कोण आहे तो दुकानदार?"

मी खुर्चीच्या मागंच उभी होते. तोंड उघडायला मला दोन क्षण पुरले असते.

"कुनी दिली नाय साहेब," काका म्हणाले. "मीच घेतली. मीच खाल्ली. जिम्मा माझा."

आणि मी गप्प राहिले. नंतर बाहेर, लिफ्टपाशी, मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुमचं नाव सांगून माझी किडनी परत येनार व्हती का?" मला त्यांनी शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं. मिलिंदनं तरी द्याव्यात. त्यानं फक्त विचारलं, "ताई, तुम्हाला उशीर होत असेल, दुकानावर सोडू का?"

गोळ्या बंद झाल्या. मूत्रपिंडं परत आली नाहीत. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं ठरलं, मंगळवार आणि शुक्रवार. बाकीच्या दिवशी त्यांच्यात उठायची ताकद नसे. गाईडचं काम सुटलं. पहिल्या महिन्यात एकदा मिलिंदनं त्यांना धरून दहाव्या लेण्यापर्यंत नेलं. काकांनी स्वर लावायला तोंड उघडलं आणि दम पुरला नाही, तसेच बसून राहिले. पुन्हा मला तिकडं नेऊ नको, म्हणाले. हे मिलिंदनं मला गाडीच्या काचेतून रस्त्याकडं बघत सांगितलं.

सगळ्यात वाईट म्हणजे टाच. मशीननं अंगातलं पाणी काढलं, पायाची सूज उतरली, आणि त्याबरोबर ती खोटी गादीही गेली. आता त्या टाचेसाठी देण्यासारखं आमच्या शास्त्राकडं फार काही उरलं नव्हतं. तापाची साधी गोळी, तीही बेतानं. मलमसुद्धा डॉक्टरांना विचारून. ज्या टाचेपायी हे सगळं झालं, ती पहिल्या दिवशी दुखत होती तशीच दुखत होती. नऊ वर्षांच्या गोळ्यांनी ती तसूभरही बरी केली नव्हती, नुसती गप्प बसवली होती.

मी मंगळवारी दुपारी दुकान हाताखालच्या मुलावर सोपवून त्यांच्याकडं जायची. वॉर्डात थंडी असे, त्यांच्या अंगावर दोन चादरी असत आणि एक हात नळ्यांना जोडून बाहेर. पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून ओठ कायम सुकलेले. बोलायचे थोडं. एकदा म्हणाले, "ताई, लोकांना वाटतं दगड कडक असतो. दगड नाय कडक. दगडाला छन्नी लागती. मानूस बघा, नुसता रोज थोडा थोडा झिजतो, अन् आवाजबी येत नाय." मी म्हटलं, असं बोलू नका. ते म्हणाले, "गाईडला बोलायला नको म्हनता, मग करावं काय त्यानं?"

ते गेले त्याच्या आधीच्या मंगळवारी मी बसले होते. परिचारिका मशीनचा आकडा बघून गेली. काका डोळे मिटून होते, मला वाटलं झोपलेत. ते डोळे न उघडताच बोलायला लागले.

"कुठं जायचं नाय, कुनाला काय दाखवायचं नाय. तरी सकाळी मोरीपर्यंत पह्यलं पाऊल टाकलं की तोच खिळा." मग डोळे उघडून, अगदी हळू आवाजात, परिचारिका गेली त्या दिशेला बघून, "ताई, एक द्या ना. पिवळी. आता किडन्या गेल्याच हायेत. आता राखायचं काय उरलंय?"

खरं सांगते, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एक गोळी देऊन फार काही बिघडलं नसतं, किंवा बिघडलं असतंही. थोडी लघवी अजून होत होती, ती तरी टिकवा, असं डॉक्टर म्हणत होते. पोटात रक्तस्राव व्हायची भीती होती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि त्याच वेळी हेही आलं, की हा माणूस नऊ वर्षं माझ्या काउंटरवर आला आणि एकदाही रिकाम्या हातानं पायरी उतरला नाही.

"नाही काका," मी म्हटलं. "नाही देणार."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लेण्यात एखाद्या परक्या माणसानं अचानक बरोबर प्रश्न विचारला की ते ज्या नजरेनं पाहत, तसं.

"म्हंजे येतं तुम्हाला नाय म्हनायला," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.